वेसणीकडून म्होरकीकडे

मनोरच्या परिसरात जनावराची दोरी म्हटली की आठवतो तो बैल. नाकात वेसण, वेसणीला कासरा. घोडा इकडे पाहुणा. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांच्या फौजा या मुलखात वावरल्या, अशेरी गड घेतला. पण भाताच्या आणि सागाच्या या प्रदेशात घोडा शेतकऱ्याच्या गोठ्यात रुजला नाही. तरी वारल्यांच्या लग्नचौकाच्या चित्रात पालघट देवीच्या सोबतीला पंचशिऱ्या देव असतो, आणि कितीदा तरी तो घोड्यावर बसलेला असतो. घोड्याच्या म्होरकीची गोष्ट इथून सांगावीशी वाटते, कारण ती सुरू होते बैलाच्याच नाकापासून.

इसवीसनपूर्व २५०० च्या सुमारास सुमेरमध्ये, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमध्ये, लढाईच्या गाड्या ओढत ते घोडे नव्हेत. गाढवी आणि रानगाढव यांच्या संकरातून निपजलेली ‘कुंगा’ नावाची जनावरे त्यांना जुंपत. सीरियातल्या जुन्या सांगाड्यांच्या डीएनएवरून हा संकर २०२२ मध्ये पक्का झाला. उर शहराच्या उत्खननात मिळालेल्या प्रसिद्ध चित्रफलकावर या जनावरांच्या नाकाशी कडी आणि तिला बांधलेली दोरी दिसते. बैलाला जे चालते तेच याला चालेल, असा तो सरळ हिशेब. पण कडीने जनावर थांबवता येते. मनासारखे वळवता येत नाही. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात, व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाला माणसाळलेला खरा घोडा इसवीसनपूर्व २००० च्या आगेमागे पश्चिम आशियात आला, तेव्हा सुरुवातीला त्याच्याही नशिबी कडीच आली. मग हळूहळू नाक सुटले. हाकायला तोंडात लगाम आला, आणि नुसते बांधायला, धरून न्यायला उरली ती नाकाच्या हाडावरून आणि कानांमागून फिरणारी दोरी. हीच म्होरकी.

आपल्याकडे या दोरीचा विचार किती बारकाईने झाला, ते शतपथ ब्राह्मणात दिसते. अश्वमेधाच्या घोड्याला बांधायची दोरी दर्भाची. ती किती लांब असावी, बारा हात की तेरा, यावर तिथे खल आहे. निर्णय तेरा हातांचा, कारण संवत्सर हा ऋतूंमधला बैल आणि तेरावा, म्हणजे अधिक महिना, हे त्याचे वशिंड. यज्ञ घोड्याचा आणि दोरीचे माप बैलाच्या वशिंडावरून! घोडा ज्यांनी इतका पुजला, त्यांच्याही मनात जनावर म्हणून आधी बैलच उभा राहत होता, असे मला यातून वाटते.

शिंगराला दोरीची सवय कशी लावावी, याबद्दल जुन्यांतला मला सर्वांत पटणारा जाणकार म्हणजे ग्रीक झेनोफन. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात त्याने लिहिले की शिंगराला भूक-तहान लागावी आणि ती माणसाच्या हातून भागावी. अंगाला जिथे हात फिरलेला आवडतो तिथे हात फिरवावा. गर्दीतून, गलक्यातून न्यावे. मोतद्दाराने घोड्याच्या पुढे चालू नये, मागेही राहू नये, बाजूने चालावे. आणि लगामाला धरून नेऊ नये, कारण त्याने तोंडाची एक बाजू निबर होते.

हे आजही जसेच्या तसे लागू आहे. म्होरकी चढवण्याआधी मान, गाल, कानांमागचा भाग हाताळून घ्यायचा. नाकावरची पट्टी गालाच्या हाडाच्या थोडी खाली, पण हाडावरच बसली पाहिजे. आणखी खाली मऊ कुर्चेवर घसरली तर श्वास कोंडतो. गाठ सरकफाशाची नको. पहिली चाल आईच्या मागोमाग. दोरी समोरून ओढली की शिंगरू पाय रोवते आणि मागे रेलते. त्या वयात मानेचे मणके कोवळे असतात, हिसक्याने कायमची इजा होऊ शकते. म्हणून दुसरी दोरी मागून पुठ्ठ्याभोवती घेतात आणि तिथून हलकेच पुढे रेटा देतात. शिंगराने एक पाऊल टाकले की दोन्ही दोऱ्या त्याच क्षणी सैल. सगळी विद्या या सैल सोडण्यात आहे. ताण दिल्याने नव्हे, तर ताण संपल्याने ते शिकते. हात चुकून ताणलेलाच राहिला, तर चालूनही सुटका नाही एवढेच त्याला कळते.

घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा बिऱ्हाड लादलेल्या घोडीच्या बाजूने शिंगरू मोकळेच चालत असते. दोरी गळ्यात पडण्याआधीच त्याला चालणे, थांबणे, ओढा ओलांडणे ठाऊक झालेले असते. भीमथडी घोड्याची जात टिकली, त्यात या वाटचालीचा वाटा मोठा आहे.

चालायला शिकलेल्या घोड्याला बांधायलाही म्होरकीच लागते. मराठ्यांच्या पागेत अगाडी, म्हणजे पुढची दोरी, म्होरकीलाच बांधत, आणि पिछाडी, म्हणजे मागची, मागच्या पायांना. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात लगाम चढवून मिरवलेला घोडाही दावणीला येतो तो म्होरकीवर. लगामाने बांधलेला घोडा दचकून मागे हटला तर तोंडातली कांब थेट जबड्यात रुतते.