हवेची कमान

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरून दांडा खाली रेटला, की हाताला एक उलटा दाब जाणवतो. हा अनुभव शाळकरी मुलांच्याही परिचयाचा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर मात्र हवेच्या ठिकाणी ही शक्ती कितपत असते, यावर युरोपातील विद्वानांत कडाक्याचा वाद माजला होता.

वादाला निमित्त झाले ते पाऱ्याच्या नळीचे. पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उपडी केली, तर पारा सुमारे तीस इंचांवर थांबतो व वर पोकळी राहते. बाहेरच्या हवेचा भार त्या पाऱ्याला तोलून धरतो, असे तोरिचेल्ली या इटालियन पंडिताने १६४४ साली प्रतिपादन केले. १६४८ मध्ये पास्कालच्या मेहुण्याने फ्रान्समधील प्युइ द डोम हा डोंगर चढून पाहिले. माथ्यावर पारा सुमारे तीन इंच खाली उतरला होता. अधिक पुरावा तो कोणता हवा?

पण पुराव्याने सर्वांचेच समाधान होते असे नाही. रॉबर्ट बॉइलने रॉबर्ट हूकच्या साहाय्याने हवा उपसण्याचे यंत्र सिद्ध केले आणि १६६० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हवेला घड्याळाच्या कमानीसारखी ताकद आहे, लोकरीच्या पुंजक्याप्रमाणे ती दाबता येते आणि दाब काढताच पुन्हा पसरते, हे त्यातील सूत्र होते. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस लायनस या जेझुइट धर्मोपदेशकाने त्यावर प्रतिवाद लिहिला. हवेची कमान त्यालाही मान्य होती. परंतु एवढा पारा उचलून धरण्याइतकी ती बळकट नाही, एक अदृश्य दोरी पाऱ्याला वरून ओढून धरते, असे त्याचे म्हणणे. नळीचे वरचे टोक उघडे ठेवून त्यावर बोट दाबले, तर बोट आत ओढल्यासारखे वाटतेच की! आज हसू येते, पण तो युक्तिवाद अगदीच पोरकट नव्हता, आणि त्याचे आपल्यावर उपकारच झाले आहेत. कारण त्याला उत्तर देण्यासाठी बॉइलला नुसते वर्णन पुरेना. मोजमाप करावे लागले.

त्याने काचेची लांबच लांब नळी खालच्या टोकाशी वर वाकवून घेतली. आखूड भुजा बंद, लांब भुजा उघडी. पहिली नळी फुटली. दुसरी इतकी उंच झाली की खोलीत मावेना. ती जिन्यात उभी करावी लागली आणि पुन्हा फुटल्यास पारा वाया जाऊ नये म्हणून तिचा तळ लाकडी पेटीत ठेवण्यात आला. वरून पारा ओतत जावे आणि कोंडलेली हवा किती आक्रसते ते पाहावे, असा क्रम चालला. बारा इंच हवेची सहा इंच झाली, तेव्हा लांब भुजेतील पारा सुमारे साडेएकोणतीस इंच वर चढला होता, म्हणजे जवळजवळ आणखी एका वातावरणाचा भार! दाब दुप्पट, आकारमान निम्मे. हवा तीन इंचांवर आली तेव्हा एकूण दाब हिशेबाने साडेएकशेसोळा इंच यावयास हवा होता. प्रत्यक्षात तो इंचभर अधिक भरला. बॉइलने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले. या प्रांजळपणाचे मोल नियमापेक्षा कमी मानू नये.

१६६२ साली प्रसिद्ध झालेल्या या उत्तरात, विरळ हवेच्या बाबतीत हे प्रमाण रिचर्ड टाउनलीने सुचविले होते, हेही बॉइलने नमूद केले. टाउनलीबरोबर डोंगरावर प्रयोग करणाऱ्या हेन्री पॉवर या वैद्याचे नाव मात्र त्यात आले नाही. नियम बॉइलच्या नावाने रूढ झाला. फ्रान्समध्ये तो मारिओतचा म्हणून ओळखला जातो.

दुसऱ्या नियमाची कथा याच्या उलट आहे. १७८३ साली झाक शार्लने हायड्रोजनने भरलेले पहिले विमान पॅरिसहून सोडले. ते गोनेस गावाजवळ उतरताच भेदरलेल्या ग्रामस्थांनी त्याच्यावर हल्ला चढवून त्याच्या चिंध्या केल्या. पुढे शार्लने निरनिराळे वायू उष्णतेने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात असे पाहिले, पण छापले काहीच नाही. १८०२ साली गे-ल्युसॅकने स्वतःचे काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा शार्लने ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वी ताडली होती, असे आवर्जून लिहिले. ही एक नोंद नसती, तर शार्लचा नियम हे शब्द आज कोणाच्या कानी पडले नसते.

गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये आणखी एक कोडे पुढे ठेवले. दोन भाग हायड्रोजन व एक भाग ऑक्सिजन यांपासून वाफ होते ती दोनच भाग. तूरिनच्या आमेदेओ ॲव्होगाड्रोने १८११ साली उलगडा केला : समान दाब व तापमान असता समान आकारमानात कोणत्याही वायूचे रेणू समसंख्य असतात, आणि मूलद्रव्याचा रेणूही दुभंगू शकतो. जवळजवळ अर्धशतक रसायनज्ञांनी तिकडे पाठ फिरविली. परिणामी अणुभारांचा इतका गोंधळ माजला, की पाण्याचे सूत्रही सर्वत्र एक राहिले नाही. १८६० च्या सप्टेंबरात कार्ल्सरूए येथे रसायनज्ञांची परिषद भरली. तेथे कान्निझ्झारोने आपल्या देशबांधवाची बाजू मांडली आणि निघताना त्याची पुस्तिका प्रतिनिधींच्या हाती पडली. ॲव्होगाड्रो चार वर्षांपूर्वीच निवर्तला होता. परिषदेस आलेल्यांत मेंडेलेयेव्ह नावाचा सव्वीस वर्षांचा रशियन तरुण होता. त्याने तेथील सारा वृत्तान्त पत्राने आपल्या गुरूंना मायदेशी कळविला.