पत्ता खुर्चीचा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस सुरू झाला. आमच्याकडे पाऊस म्हणजे वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे इंटरनेट नाही. असो. आजचा विषय माझ्या नेहमीच्या पेशवाईतला नाही, संगणकातला आहे. नातेवाईक मंडळींनी लगेच पळ काढू नये. गोष्ट शेवटी माणसांच्याच वळणावर येते.

झालं असं, की जुलैत एका रात्री माझं दार फुटता फुटता वाचलं.

ही गेल्यापासून मी घरात एकटाच असतो. मुलगी बंगळूरला. रोज रात्री आठला तिचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का, दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी संध्याकाळी सहालाच वीज गेली आणि पाठोपाठ मोबाईलचा टॉवरही गेला. आठ वाजले, फोन नाही. म्हटलं, येईल उद्या. कंदील लावला, मुगाची खिचडी टाकली आणि निवांत जेवलो. साडेदहाला दारावर धाडधाड थापा. उघडतो तर माझा एक जुना विद्यार्थी. सध्या शेजारच्या तालुक्यात पोलिसात आहे. रेनकोटातून पाणी गळतंय, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात, खोटं नाही सांगत, पहार!

"सर, तुम्ही आहात ना?"

"नसतो तर दार कोणी उघडलं असतं रे?" मी म्हटलं. पण त्याचा चेहरा बघून पुढचं बोलणं सुचेना. मुलीने आठपासून माझा फोन लावला, मग शेजाऱ्यांचे लावले. टॉवर एकच, सगळेच बंद. शेवटी तिने याला गाठलं आणि हा पंचवीस किलोमीटर पावसातून आला.

दुसऱ्या दिवशी टॉवर आला आणि मुलीचा फोनही. "बाबा, चूक माझीच. आवाज आला नाही म्हणजे माणूस गेला असं धरायचं नसतं. आम्हाला कामावर पहिल्याच वर्षी हे शिकवतात आणि मी तेच विसरले."

तिचं काम वेब सर्व्हर सांभाळण्याचं. वेबसाइट ज्या संगणकावर राहते तो सर्व्हर. तो कधीतरी बंद पडणारच. म्हणून दोन ठेवतात, आणि एक पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. याला म्हणतात फेलओव्हर. तिने तासभर समजावून सांगितलं. पण इतिहासाच्या मास्तराची खोड अशी, की कुठलीही गोष्ट दाखवली तरी आधी विचारायचं, ही सुरू कधी झाली? मग पुढचा पंधरवडा वाचनात गेला.

मूळ अडचण अशी. दोन सर्व्हर ठेवले तरी बाहेरच्या लोकांना पत्ता एकच ठाऊक असतो. पहिला पडल्यावर लाखो लोकांना कोण सांगणार, की आता या दुसऱ्या पत्त्यावर या? यावरची युक्ती वाचली आणि मला आमचं शाळेचं टपाल आठवलं. सरकारी पत्र कधी माणसाच्या नावाने येत नाही. 'मा. मुख्याध्यापक यांस' असं येतं. खुर्चीत आज कोण आहे याच्याशी पोस्टमनला कर्तव्य नाही. इथेही तसंच केलं. प्रत्येक सर्व्हरला आपापला पत्ता आहेच, शिवाय एक सामाईक पत्ता ठेवला. तो कोणाच्याच मालकीचा नाही, जो खुर्चीत बसेल त्याचा. जगाला फक्त तोच सांगायचा.

पण खुर्ची रिकामी झाली हे दुसऱ्याला कळणार कसं? या प्रश्नाचा इतिहास वेबच्याही आधीचा आहे. कॅलिफोर्नियात १९७४ साली टँडेम नावाची कंपनी निघाली. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून पेडल मारायची सायकल. बँकेचे व्यवहार मधेच थांबू नयेत म्हणून त्यांनी एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेलं यंत्र बनवलं, आणि १९७६ साली पहिलं यंत्र सिटीबँकेला गेलं. त्यातले प्रोसेसर थोड्याथोड्या वेळाने एकमेकांना निरोप धाडायचे, 'मी जिवंत आहे'. निरोप थांबला की इतर त्याला मेलेला धरत. मात्र हे निरोप एका वाटेने जात नसत. दोन वेगळ्या वाटा ठेवलेल्या असत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सामाईक पत्त्याची पद्धत १९९८ साली लिखित झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सिस्को कंपनीने आपली एचएसआरपी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली, आणि एप्रिलमध्ये व्हीआरआरपी नावाचा, सर्व कंपन्यांसाठीचा नियम आला. दोन्ही मुळात राउटरसाठी, म्हणजे जाळ्यातली टपाल-छाटणी करणाऱ्या यंत्रांसाठी. पुढे तीच पद्धत वेब सर्व्हरला लागली.

व्हीआरआरपीचा नियम वाचताना मला सेवाज्येष्ठता यादीच वाचतोय असं वाटलं. प्रत्येक यंत्राला १ ते २५५ मधला क्रमांक. मोठा क्रमांक तो ज्येष्ठ. खुर्चीतल्याने दर सेकंदाला पुकारा करायचा, मी आहे. तीन पुकारे चुकले, की वर सेकंदाचा काही अंश थांबून राखीव यंत्राने खुर्ची घ्यायची. तो अंश ज्येष्ठाला कमी आणि कनिष्ठाला जास्त, म्हणजे दोघे एकदम उठत नाहीत. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. खुर्चीतलं यंत्र स्वतःहून रजेवर जाणार असेल, तर ते शेवटचा पुकारा शून्य क्रमांकाने करतं. त्याचा अर्थ, मी चाललो, चार्ज घ्या. मग राखीव यंत्र तीन पुकाऱ्यांची वाट बघत नाही. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवून मी निघालो, ते आठवलं.

खुर्ची घेतल्यावर शेजारपाजारच्या यंत्रांना कळवावं लागतं. एका जाळ्यातली यंत्रं आपल्याजवळ चिठ्ठी ठेवतात, अमुक पत्ता म्हणजे अमुक यंत्र. हा एआरपी नियम नोव्हेंबर १९८२ चा. नवं यंत्र कोणी न विचारता ओरडून सांगतं, हा पत्ता आता माझा, आणि सगळे मुकाट्याने चिठ्ठी बदलतात. पुरावा कोणी मागत नाही. १९८२ साली जाळ्यात सगळी ओळखीचीच मंडळी होती, पुरावा कशाला हवा होता?

यात भांडणंही झाली. व्हीआरआरपीवर आपलं पेटंट लागू होतं, असं सिस्कोने सांगितलं. ओपनबीएसडी हा फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रणालीचा गट तत्त्वाचा पक्का. त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत लिहिली आणि मे २००४ च्या आवृत्तीत दिली. नाव कार्प. इंग्रजीत कार्प हा मासाही आहे, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. तिला अधिकृत क्रमांक मिळेना, तेव्हा या पठ्ठ्यांनी व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरला आणि वर या प्रकरणावर एक विडंबनगीतही काढलं. एका खुर्चीसाठीच्या नियमाचा क्रमांकच दोघांनी घेतला, याची गंमत वाटते.

आता मुद्द्याचं. दोन्ही यंत्रं ठणठणीत आहेत, फक्त मधली तार तुटली, तर? राखीवाला पुकारा ऐकू येत नाही, तो म्हणतो साहेब गेले, आणि खुर्चीत बसतो. साहेब तर बसलेलेच आहेत. या अवस्थेला त्यांच्याकडे दुभंगलेला मेंदू म्हणतात. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला, कारण हे मी पाहिलेलं आहे.

१९८७ साली मी ज्या शाळेत होतो तिथले मुख्याध्यापक आजारपणाच्या लांब रजेवर गेले. चार्ज ज्येष्ठ शिक्षकांकडे आला. तीन महिन्यांनी मुख्याध्यापक बरे होऊन परतले. तोवर संस्थेच्या कमिटीत दोन तट पडले होते. एक तट म्हणे ते रुजू झाले, दुसरा म्हणे अजून झालेले नाहीत. दोघेही शाळेत येत, दोघेही सही करत, शिक्का तोच. तेवीस दिवस हे चाललं. त्या महिन्याची पगारबिलं परत आली, ते सोसलं. पण दाखल्यांची दोन पुस्तकं चालू होती. शाळा सोडल्याचा एकच अनुक्रमांक दोन मुलांच्या दाखल्यांवर पडला. त्यांतला एक आयटीआयच्या प्रवेशाला गेला, तर क्रमांक दुसऱ्याच नावाचा निघाला. त्याचं ते वर्ष गेलं. मी दोन्ही हजेरीपटांवर सही करत होतो. कुठलं पुस्तक बंद ठेवायचं हे ठामपणे म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. नोकरी सांभाळली.

संगणकवाल्यांनी यावर काढलेला उपाय ऐकून दचकाल. त्याचं नाव 'स्टोनिथ'. अर्थ, 'दुसऱ्या यंत्राच्या डोक्यात गोळी घाल'. शंका आली की राखीव यंत्राने आधी पहिल्याची वीज तोडायची आणि मगच खुर्ची घ्यायची. तो खरंच मेला आहे याची खात्री म्हणजे आपणच मारायचा! २२ डिसेंबर २०१२ ला गिटहब या प्रसिद्ध साइटवर काय झालं पाहा. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिथे ठेवतात. जाळ्याच्या यंत्रांत देखभालीचं काम चालू असताना बिघाड झाला आणि साठवणीच्या सर्व्हरच्या जोड्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येईना. जाळं परत आलं, तेव्हा कित्येक जोड्यांतल्या दोघांनीही एकमेकांची वीज तोडली. दोघेही ठार. दुरुस्तीत तासन् तास गेले.

मुलीला विचारलं, मग शहाणपणाचा उपाय कुठला? ती म्हणाली, "बाबा, वाटा दोन ठेवायच्या." लिनक्ससाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'हार्टबीट' नावाचा प्रोग्राम आला. त्यात नेहमीच्या जाळ्याशिवाय दोन यंत्रांमध्ये एक साधी सीरियल केबलही टाकत. एक वाट बंद पडली तरी दुसरीतून ठोके येत राहतात. म्हणजे टँडेमचंच शहाणपण. ती आणखी म्हणाली, "आणि ठोका पडतोय म्हणजे काम चालू आहे असंही नाही. यंत्र जिवंत असतं पण वेबसाइट मेलेली असते. म्हणून साइटलाही अधूनमधून विचारावं लागतं." हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मस्टरवर सही आणि वर्गात पत्ता नाही, असे सहकारी मी चाळीस वर्षं पाहिले.

मग आम्हीही दोन वाटा ठेवल्या. आठचा फोन आहेच. शिवाय सकाळी दुधाची पिशवी मी आत घेतली का, हे समोरच्या वहिनी बघतात. त्यांच्या मुलाचा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, तो मुलीला कळवतो. वीस रुपयांचं दूध, पण सध्या माझी सीरियल केबल तीच. आणि कुठे जाणार असेन तर आदल्या दिवशीच सांगतो. शून्य क्रमांकाचा पुकारा.

त्या आयटीआयच्या मुलाचा पत्ता मात्र मी शोधतो आहे. आता तो पन्नाशीचा असेल. भेटला तर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

ता. क. पहार माझ्याकडेच विसरली आहे. पाऊस कमी झाला की घेऊन जावी.