डग्गा कुठे गेला?

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलात की यवत, चौफुला, वरवंड मागे पडतं आणि पाटस येतं. टोलनाका, उसाच्या ट्रॉल्या, भीमा कारखान्याची पाटी. तुमच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला एक साउंडबॉक्स (सुई बसते ती डबी) आहे, मुठीत मावेल एवढा. जुन्या बाजारात घेतलेल्या पोर्टेबल फोनोचा. एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल, बॅगेसारखं हातात धरून न्यायचं. काल रात्री तुम्ही त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावलीत. खाँसाहेब पत्र्याच्या डब्यातून गात होते, आणि साथीला डग्गा नव्हताच. तबल्याची टकटक तेवढी ऐकू येत होती. तुम्ही स्वतःची समजूत घातलीत: जुन्या रेकॉर्डी अशाच वाजायच्या.

खरंच अशाच वाजायच्या का? चला, विचारून येऊ.

टोलनाका पुसला जातो. कारखान्याची चिमणी जाते, ट्रॉल्या जातात. डांबराच्या जागी धुळीची वाट उरते आणि तुमच्या बुटांवर पांढरा फुफाटा बसतो. साल १९३६. स्टेशनाकडून जीआयपी रेल्वेच्या इंजिनाचा धूर येतोय. पुढचं मोठं स्टेशन दौंड, पण ही गाडी इथेही घटकाभर थांबते. कोळशाचा वास, शेणकुटाच्या धुराचा वास आणि कुठेतरी ज्वारीची भाकरी करपल्याचा वास एकदम नाकात शिरतो.

दिवेलागण झाली आहे. एका वाड्याच्या ओसरीवर गॅसबत्ती फसफसतेय. सतरंजीवर मंडळी दाटीवाटीने बसलीत, बायका आतल्या उंबऱ्याशी. मधे चौरंगावर फोनो. काळं रेक्झीन अजून कोरं, कुलपांना निकेलची लकाकी. तुमच्या घरी आहे तोच, फक्त नव्वद वर्षांनी तरुण.

‘‘आवं, चावी पुरी द्या की! मगाशी गाणं मधीच बसलं,’’ मागून एक जण ओरडतो.

मालक चावी देतात. पोलादी कमान आत गुंडाळली जातेय, त्याचा कर्र कर्र आवाज. मग ते डबीतून नवी सुई काढतात, जुनी एका पोराच्या हातावर ठेवतात. पोराचं काम तेवढंच, पण तो ते मुंजीच्या बटूसारखं गंभीर चेहऱ्याने करतोय. सुई अंगणात पडली तर उद्या कुणाच्या तरी अनवाणी पायात जाणार. आणि वापरलेली सुई पुन्हा लावायची नाही, हे त्याला पाठ आहे. लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी असते. तीन मिनिटांत ती सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीच सुई दुसऱ्या तबकडीवर टेकवली की टोकाला आलेल्या धारेने ती खाच सोलायला लागते.

तबकडी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून आलेली. मिनिटाला ७८ फेऱ्यांनी ती फिरू लागते. सुई टेकते. खरखर आहे, पण तुमच्या घरच्यापेक्षा किती कमी! आणि मग तो सूर येतो.

उंबऱ्याशी बसलेली एक म्हातारी म्हणते, ‘‘ह्यो कंचा बुवा म्हनायचा? बाईवानी गातोय.’’ चूक नाही तिची. खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार. पण इथे तो पत्र्याचा नाही. त्याला अंग आहे, सूर लांबतो तेव्हा त्याची कड थरथरते ती दिसल्यासारखी कळते. आणि सुराखाली, दबक्या पावलांनी, डग्गा चाललाय. घुमारा पुरता नाही. एवढ्याशा पेटीच्या पोटात दुमडलेल्या कर्ण्यातून तो यायचा तरी कसा? पण थाप आहे, मींड आहे.

समोर कान देऊन बसलेल्यांना हा आजच्या काळातला गवई आहे. मिरजेला राहतो, गाडी पकडून गावोगाव जलशाला जातो. तुम्हाला मात्र पुढचं ठाऊक आहे: पुढच्या वर्षी, २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, दक्षिणेत सिंगपेरुमलकोइलच्या रेल्वे स्टेशनवर ते देह ठेवतील. सांगू नका. गाणं चालू आहे.

बाजू संपते. मालक फोनोचा हात उचलतात तेव्हा जरा पुढे सरका आणि त्यांच्या साउंडबॉक्सकडे नीट पाहा. ॲल्युमिनियमचा पातळ पडदा, त्याच्या मध्याला जोडलेली सुईची दांडी. सुई खाचेतून डावी-उजवीकडे हलते, दांडी तरफेसारखी तो हेलकावा पडद्याला देते, पडदा हवा ढकलतो आणि कर्णा ती हवा खोलीत मोकळी करतो. विजेचा संबंध नाही. जुन्या यंत्रांत पडदा अभ्रकाचा असे, एवढाच फरक. बोटाने पडद्याच्या कडेला हलकेच स्पर्श करा (मालकांची नजर चुकवून). कडेला मऊ रबराची कडी आहे. पडदा तिच्यात पोहतोय, म्हणून मोठा, सावकाश हेलकावाही तो घेऊ शकतो. डग्गा म्हणजे असाच हेलकावा.

आता स्वतःच्या फडक्यातला साउंडबॉक्स उघडा. हीच कडी नखाने टोचून पाहा. नख शिरतच नाही, तिचं जुनं बिस्किट झालंय. पडदा त्यात चिणला गेलाय. बारीक, चटचटीत कंपनं अजून निसटतात, जड कंपनं मरतात. म्हणजे जिला ‘जुन्या काळचा आवाज’ म्हणून आपण गहिवरतो, ती वाळलेल्या रबराची करामत. आजकाल सिनेमात जुना काळ दाखवायचा तर मुद्दाम आवाज असा चेपतात. तो ऐकून ही ओसरी पोट धरून हसली असती.

आभार माना आणि परत या. टोलनाका, हॉर्न, तुमचं घर, टेबलावरचा दिवा.

आता घाई नको. साउंडबॉक्सची मागची झाकणी सोडवण्याआधी फोटो काढा. स्क्रू हटून बसला असेल तर जोर लावू नका, तेलाचा थेंब देऊन रात्रभर ठेवा. डबी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असली तर ती आधी निरखा: शिशाच्या भेसळीने हा धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो, तडकतो. तडा दिसला तर थांबा, ती दुरुस्ती हौसेची नव्हे. नसेल तर जुनं रबर तुकड्यातुकड्याने काढा. पडदा बोटांनी वाकवू नका. त्याला पडलेली चुणी पुन्हा सरळ होत नाही.

नव्या मऊ रबरी नळीची कडी कापताना दोन्ही टोकं एकमेकांना अचूक भिडली पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी हवा तिथून निसटते आणि डग्गा पुन्हा हरवतो. साउंडबॉक्स फोनोच्या हातावर बसतो तिथलं रबरही बहुधा दगड झालेलं असतं, ते विसरलं जातं.

सर्वांत नाजूक काम शेवटी. दांडीचं टोक पडद्याच्या मध्याशी जोडताना ते आपणहून तिथे टेकलं पाहिजे. दांडी पडद्याला आत दाबत नाही, बाहेर ओढत नाही, नुसती भेटते, असं जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. मग त्या सांध्यावर मधमाश्यांच्या मेणाचा एक ठिपका. दांडीची बिजागरी सैल राहिली तर खडखड होते, आवळली तर गाणं गुदमरतं. मला विचाराल तर सगळी कारागिरी या एका स्क्रूच्या पाव वेढ्यात आहे. बाकी सगळं शिवणकामासारखं, शिकलं की येतं.

कमान भरा. नवी सुई लावा. झिंझोटी.

पहिल्या आवर्तनात कान खाली न्या, खाँसाहेबांच्याही खाली. थाप येईल.

आणि एक विनंती. घरच्या माळ्यावर असा फोनो सापडला तर कौतुकाने लगेच रेकॉर्ड लावून पाहू नका. चिणलेला पडदा सुईला मोकळं हलू देत नाही. मग शंभर ग्रॅमहून जड साउंडबॉक्सच्या भाराखाली ती सुई खाचेच्या भिंती खरवडते. रबर दहा वेळा बदलता येतं, खाच एकदाही नाही.