पारोस बेटावरचे 'मराथी' गाव

ग्रीसच्या पारोस बेटावर 'मराथी' नावाचे एक लहानसे गाव आहे. नकाशावर ते नाव पाहून आपल्यातले काहीजण विचारतात, "आपला काही संबंध असेल का हो?" उत्तर आधीच देऊन टाकतो: संबंध नाही. ग्रीकमध्ये 'माराथोस' म्हणजे बडीशेप, आणि गावाचे नाव त्या झुडपावरून पडले. मॅरेथॉनचे नावही तिथूनच आले. तरी पारोसला गेलो तेव्हा आम्ही एक दिवस काढून या गावी पायी जाऊन आलो, कारण तिथे संगमरवराच्या प्राचीन खाणी आहेत.

पारिकिया बंदरापासून हे अंतर पाच-सहा किलोमीटर, वाट चढणीची. खाणींजवळ काही पडक्या इमारती दिसतात. १९व्या शतकात खाणी पुन्हा चालवायचा प्रयत्न झाला, त्या कंपनीच्या या इमारती. त्यांच्यापलीकडे टेकडीच्या पोटात बोगद्याचे तोंड आहे. उत्तम शुभ्र दगडाचा थर खोल असल्याने तो जमिनीखालून काढत. या दगडाला 'लिख्नितीस' म्हणत. रोमन लेखक प्लिनी वारोच्या हवाल्याने सांगतो की, दिव्याच्या उजेडात खणला जातो म्हणून हे नाव. लूव्हरमधली सामोथ्राकीची पंखवाली विजयदेवता पारोसच्याच संगमरवराची आहे.

बोगद्याच्या तोंडाशी एक झिजलेले शिल्प आहे. त्याखालच्या लेखाप्रमाणे ते वनदेवतांना अर्पण करणारा आदामास हा ओद्रिसी, म्हणजे थ्रेसकडचा परका माणूस. दिव्याच्या धुरात दगड फोडणाऱ्या बाकीच्यांची नावे कुठे नाहीत. भिंतींवर छिन्नीचे घाव मात्र आहेत.

आता आपल्या तनाखकडे येऊ. पहिल्या इतिहासाच्या २९व्या अध्यायात दावीद राजा मंदिरासाठी जमवलेल्या वस्तू सांगतो. त्यात 'शायिश' आहे, ज्या शब्दाने इथे इस्राएलात आपण स्वयंपाकघराचा ओटा ओळखतो. तनाखच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे 'पारोसचा दगड' असा शब्द आहे. म्हणून दावीदने पारोसहून दगड आणला असे ठरत नाही. भाषांतरकाराच्या काळी चांगला संगमरवर म्हणजे पारोसचा, एवढेच त्यातून कळते.

एस्तेरच्या मगिलेत अहश्वेरोश राजाच्या महालाचे खांबही ग्रीकमध्ये पारोसच्या दगडाचे होतात. त्याच वचनात (१:६) पडद्यांच्या कापडासाठी 'कर्पास' शब्द आहे. हा शब्द मुळात आपल्या बाजूचा. संस्कृत 'कर्पास' किंवा 'कार्पास', मराठी 'कापूस'. दरवर्षी पुरीमला आपण तो ऐकतो. इथे नाते खरे आहे, कारण शब्दाबरोबर मालही गेला आणि वाटेतल्या भाषांत त्याच्या खुणा राहिल्या. उलट पेसाहच्या ताटातली 'कर्पास' ही भाजी. उच्चार तोच, पण तिचा कापसाशी काही संबंध नाही.

हा फरक आपल्या समाजाने नीट ध्यानात ठेवायला हवा. आपल्या उगमाविषयी नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज, वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, ही परंपरा आहे. पूर्वजांनी ती जपली म्हणून ती मोलाची. पण तिला आधार द्यायच्या हौसेने कोणी नावात नाव मिसळून पुरावे उभे करू लागला, की ऐकणाऱ्याचा खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो. १९६०च्या दशकात या देशात आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतल्या गेल्या. १९६४ मध्ये आपण सर्वार्थाने यहुदी आहोत हे सरकारला जाहीर करावे लागले. ज्या समाजाला हे सोसावे लागले, त्याने तर कच्चा पुरावा पुढे करूच नये.

आणि आपल्याकडे पक्का पुरावा आहे. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर: या नावांमागची गावे आजही कोकणात आहेत. घाणा चालवून शब्बाथला काम बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी आपल्याला 'शनिवार तेली' म्हटले. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, म्हणून त्याचे वजन जास्त.

तेव्हा वाचकहो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आजच विचारा: आपले गाव कोणते, घाणा कुठे होता, कबरस्तान कोणत्या बाजूला? जे सांगतील ते तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आदामासचे नाव आज कळते, कारण ते कोरले गेले.