मैफल आणि तबकडी

भास्करबुवा बखले आणि उस्ताद फैयाज खाँ ही दोन्ही नावे आपल्या बडोद्याशी कायमची जोडलेली आहेत. एकाचे गाणे आजही ऐकता येते, दुसऱ्याचे फक्त ऐकिवात आहे. फरक एवढाच, की एकाच्या तबकड्या निघाल्या.

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ साली कलकत्त्यात झाली. पहिल्या कलावंतांत गौहरजान होत्या. गायकाने भोंग्यात तोंड घालून गायचे आणि तीन मिनिटांत सारे आटोपायचे, असा तो मामला. गाणे संपताच गायक स्वतःचे नाव सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या लोकांना हे कोणाचे गाणे हे कळायला हवे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, आवाज सुधारला. तीन मिनिटे मात्र तशीच राहिली.

फैयाज खाँ म्हणजे बडोदे दरबारचे गवई, नोमतोम आलापीचे बादशहा. मैफलीत ही आलापी सावकाश चढत जाई, समोरून दाद आली की तिला नवी वाट फुटे. तबकडीवर तिला जागा कुठून मिळणार? तरीही त्यांची रामकलीतली आलापी ऐकावी. तेवढ्याशा वेळात सारा राग उभा राहतो. तबकडीने गाणे आवळले, पण घोटीवही केले. हे श्रेय तिला द्यायलाच हवे. हरवली ती श्रोत्यांशी होणारी देवघेव. १९५० साली खाँसाहेब गेले. आकाशवाणीकडे राहिलेल्या त्यांच्या गाण्यात तो ऐसपैसपणा थोडातरी सापडतो.

भास्करबुवांचे तसे झाले नाही. संस्थानातल्या कठोर गावी १८६९ मध्ये जन्मलेल्या बुवांची तालीम बडोद्यात झाली. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. शिष्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या, आणि १९२२ साली गेलेल्या गुरूची एकही उरली नाही. ‘स्वयंवर’च्या चाली उरल्या, आठवणी उरल्या, आवाज गेला तो गेलाच.

म्हणून मैफल श्रेष्ठ की तबकडी, हा वाद आम्हाला फारसा पटत नाही. मैफल ही मैफलच. पण ती संपल्यावर हाती जे राहते, ते कोणीतरी जपलेलेच असते.

आपल्या कित्येक घरांत जुन्या गणेशोत्सवांतल्या गाण्यांच्या कॅसेट माळ्यावर पडून असतील. त्यांना बुरशी लागते, फीत चिकटते. बुरशी दिसली तर घरच्या यंत्रावर लावू नका, जाणकाराकडून उतरवून घ्या. कचेरीत नोंदी ठेवताना आम्ही एक गोष्ट शिकलो : ज्या कागदावर तारीख नाही, तो असून नसल्यासारखा. तेव्हा प्रत्येक कॅसेटवर गायक, तबलजी, पेटीवाले, ठिकाण आणि साल लिहा. ज्यांना ते आठवते अशी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर या उत्सवातच त्यांना विचारून घेऊ या.