पहिली आली, पण दार उघडलं का?

आज आपण चाललोय तुर्कस्तानात. तुमच्यापैकी कोणी इस्तंबूलला गेलं असेल, तर तिथल्या एका विमानतळाचं नाव ऐकलं असेल: सबिहा ग्योकचेन. हा विमानतळ 2001 मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी सबिहा वयाच्या 88व्या वर्षी वारली. गिनीज बुकाने तिची नोंद जगातली पहिली महिला लढाऊ पायलट म्हणून केली आहे. मला विचाराल तर तिच्या त्या विमानापेक्षा तिच्यानंतर काय झालं, ते जास्त इंटरेस्टिंग आहे.

आधी थोडं मागे जाऊ. 1919 ते 1922 या काळात तुर्कांचं स्वातंत्र्ययुद्ध चाललं. त्यात बायका होत्या. एर्झुरूमची कारा फातमा स्वतःची तुकडी घेऊन लढली आणि लेफ्टनंट झाली. लेखिका हालिदे एदिप हिलाही कॉर्पोरलचा हुद्दा मिळाला. हीच हालिदे 1935 मध्ये भारतात आली होती, दिल्लीच्या जामिया मिल्लियात तिची व्याख्यानं झाली होती. म्हणजे गरज होती तेव्हा बायका चालल्या. मग देश उभा राहिला, नियम लिहायची वेळ आली, आणि 1927 च्या कायद्याने सक्तीची लष्करी सेवा ठेवली फक्त पुरुषांसाठी.

आता सबिहाकडे येऊ. जन्म 1913, गाव बुर्सा. आई-वडील गेलेले. 1925 मध्ये मुस्तफा कमाल अतातुर्कने, म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्षाने, तिला दत्तक घेतलं. डिसेंबर 1934 मध्ये त्याने तिला आडनाव दिलं ग्योकचेन. तुर्की भाषेत ‘ग्योक’ म्हणजे आकाश. आणि गंमत बघा, तेव्हा ती पायलट नव्हतीच! नागरी विमानविद्या शिकवणारी तुर्ककुशु ही संस्था सुरू झाली त्यानंतर, मे 1935 मध्ये. तिथे तिने सुरुवात केली, मग ग्लायडिंगच्या ट्रेनिंगसाठी तिला सोव्हिएत रशियात पाठवलं.

पुढचा मुद्दा नीट ऐका. लष्करी शाळांमध्ये मुलींना प्रवेश नव्हता. तो नियम कोणी बदलला नाही. अतातुर्कच्या हुकमाने एकट्या सबिहासाठी वेगळा युनिफॉर्म शिवला गेला, आणि एस्किशेहिरच्या विमानशाळेत तिच्यासाठी 11 महिन्यांचा खास अभ्यासक्रम ठेवला गेला.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे हा प्रकार मला लगेच ओळखीचा वाटला. मूळ नियम तसाच ठेवायचा आणि एका युजरसाठी वेगळी ओळ टाकून द्यायची. डेमोच्या दिवशी सगळं झकास चालतं. फोटो छान येतात. दुसरा युजर आला की एरर.

सबिहाचा डेमो खरंच जोरात झाला. 1938 मध्ये तिने पाच दिवस बाल्कन देशांचा हवाई दौरा केला, जगभर कौतुक झालं. नवं तुर्कस्तान किती पुढारलेलं आहे, ते दाखवायला याहून चांगला चेहरा कुठून आणणार? पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अतातुर्क वारला. सबिहा पुढे तुर्ककुशुमध्ये इतरांना विमान शिकवत राहिली. लष्करी शाळांचं दार मुलींसाठी बंदच होतं.

ते उघडलं 1955 मध्ये. कारा फातमा वारली तेही याच वर्षी. त्या पहिल्या काही मुलींमधूनच लेमान बोझकुर्त ही जेट पायलट झाली, 1958 मध्ये. नेटो देशांमधली ती पहिली महिला जेट पायलट मानली जाते. आणि मग? 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला दार परत बंद! ते पुन्हा उघडायला 1992 उजाडलं. त्यानंतरही पायदळ, रणगाडे आणि पाणबुड्या या जागा बायकांना दीर्घकाळ मिळाल्या नाहीत. डोक्यावर स्कार्फ बांधणाऱ्या बायकांना लष्करात परवानगी मिळाली ती थेट 2017 मध्ये.

तुर्की नौदलाला पहिली महिला ॲडमिरल मिळाली 2023 मध्ये. तिचं नाव, योगायोग बघा, ग्योकचेन फिरात. पहिल्या लढाऊ पायलटपासून पहिल्या ॲडमिरलपर्यंत 86 वर्षं! हुद्दे पायरी पायरीने मिळतात ना. खालून मुली येऊच दिल्या नाहीत, तर वर कोण पोचणार?

आता या गोष्टीतला जड भाग. सबिहा ‘लढाऊ’ पायलट, पण लढाई कोणाशी? 1937 मध्ये पूर्व तुर्कस्तानातल्या देरसिम या डोंगराळ भागात. तिथले लोक कुर्द, अलेवी पंथाचे, आणि त्याच देशाचे नागरिक. सरकारने तिथे लष्करी कारवाई केली. सबिहाने तिथे बॉम्ब टाकले, त्याबद्दल तिला रत्नजडित पदक मिळालं. 2011 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी देरसिमबद्दल माफी मागितली आणि सरकारी कागदातला आकडा वाचून दाखवला: 13,806 माणसं मारली गेली. देरसिमच्या कुठल्या आजीने विमानतळावरचं ते नाव वाचलं, तर तिला ‘पहिली महिला पायलट’ दिसेल का हो?

मी सबिहाला खलनायिका करत नाहीये. चोवीस वर्षांची मुलगी, वडील राष्ट्राध्यक्ष, हातात हुकूम. पण तिला फक्त पोस्टरवर ठेवलं, की दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे तिच्यामागे बंद राहिलेलं दार. दुसरी म्हणजे तिच्या विमानाखालची माणसं.

तेव्हा मंडळी, यापुढे ‘पहिली महिला अमुक’ अशी बातमी फोनवर आली, की लाईक जरूर करा, पण दोन प्रश्नही विचारा. दुसरी कधी आली? आणि पहिलीला जे काम दिलं, ते कोणावर करायला लावलं?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, काळजी घ्या!