पोपच्या भेटीला निघालेला गेंडा

जगभरच्या विलक्षण प्राण्यांच्या कथा लहानथोर सर्वांनाच आवडतात. परंतु एखादा प्राणी 'विलक्षण' ठरतो, तो बहुधा पाहणाऱ्याच्या अपरिचयामुळे. आसामच्या गवताळ रानालगत राहणाऱ्याला गेंड्याचे फारसे अप्रूप नसते. युरोपाने मात्र रोमन साम्राज्याच्या काळानंतर हजाराहून अधिक वर्षे जिवंत गेंडा पाहिला नव्हता. १५१५ साली तो योग आला आणि तोही आपल्या गोव्याच्या बंदरातून. त्या प्राण्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

१५१४ साली पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे वकील पाठविले. दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी त्याला हवी होती. सुलतानाने ती नाकारली. मात्र दरबारी शिष्टाचार पाळून नजराणे दिले. त्यांत एक जिवंत गेंडा होता. (याच सुलतानाचा पुत्र बहादूरशाह याने पुढे १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली.) गोव्यात या प्राण्याला ठेवून घेण्यापेक्षा आपल्या राजाला धाडणे आल्बुकर्कला इष्ट वाटले. जानेवारी १५१५ मध्ये ओसेम नावाच्या भारतीय राखणदारासह गेंडा जहाजावर चढला आणि मोझांबिक, सेंट हेलेना व अझोर्स बेटांवरून सुमारे १२० दिवसांनी, २० मे रोजी, लिस्बनला उतरला.

हत्ती आणि गेंडा हे हाडवैरी असतात, असे प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून गेला होता. त्याची प्रचीती पाहण्याचे राजा मानुएल याने ठरविले. ३ जूनला, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, राजवाड्याच्या आवारात दोघांना समोरासमोर आणण्यात आले. गेंडा सावकाश पुढे सरकला; कोवळ्या वयाचा हत्ती गर्दीच्या गलबल्याने बिथरून पळून गेला. प्लिनीचे म्हणणे खरे ठरले, असे लोकांनी मानले. वस्तुतः त्या दिवशी सिद्ध झाली ती एका भेदरलेल्या पिलाची भीती.

लिस्बनहून या प्राण्याचे वर्णन व एक रेखाचित्र जर्मनीतील न्यूरेंबर्गला पोहोचले. तेथील थोर चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर याने गेंडा कधीच पाहिला नव्हता. तरी त्या वर्णनावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र सिद्ध केले. त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखी कातडी आहे, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक जादा शिंगही आहे. चित्र इतके प्रभावी होते की दोनशेहून अधिक वर्षे युरोपातील सुशिक्षित माणसे तेच प्रमाण मानीत राहिली. अठराव्या शतकाच्या मध्यावर भारतातून नेलेली 'क्लारा' ही मादी युरोपभर फिरविली गेली, तेव्हा कोठे हजारोंनी खरा गेंडा डोळ्यांनी पाहिला. सुबक असत्य किती दीर्घायुषी असते, याचा हा बोलका दाखला होय.

इकडे मानुएल राजाच्या मनात वेगळेच होते. पूर्वेकडील प्रदेशांवरील आपल्या हक्कांना परमगुरुस्वामींचा पाठिंबा त्याला हवा होता. १५१४ मध्ये त्याने पोप दहावे लिओ यांना 'हॅनो' नावाचा पांढरा हत्ती भेट दिला होता आणि रोमनगरी त्यावर लुब्ध झाली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पोपनी पोर्तुगालच्या हक्कांना अनुकूल असे आज्ञापत्र काढले. डिसेंबर १५१५ मध्ये राजाने गेंड्याला हिरव्या मखमलीचा पट्टा घालून रोमकडे रवाना केले. वाटेत मार्सेयजवळच्या एका बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने त्याला पाहिले. पुढे इटलीच्या किनाऱ्याशी, पोर्तो व्हेनेरेजवळ, १५१६ च्या आरंभी जहाज वादळात सापडून बुडाले. गेंडा उत्तम पोहणारा प्राणी. पण त्याचे पाय साखळदंडांनी जहाजाला जखडलेले होते. त्याच वर्षी ८ जूनला हॅनोही मरण पावला. त्याला सोने मिसळलेले रेचक दिले होते. पोपनी त्याच्या स्मरणार्थ राफाएलकडून चित्र काढून घेतले. पुढच्याच वर्षी मार्टिन लूथरने आपले सिद्धान्त जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत मोठी फूट पडली. पोपच्या दरबारातील हत्ती हा त्या काळी टीकाकारांच्या थट्टेचा विषय झाला होता. ती थट्टा सर्वस्वी अनाठायी होती, असे आम्हांस म्हणवत नाही.

या साऱ्या प्रकरणात गेंड्याची खरी गरज कोणालाच नव्हती. सुलतानाला तो नकार गोड करण्यासाठी हवा होता, गव्हर्नरला राजाची मर्जी सांभाळण्यासाठी आणि राजाला पोपचे मन वळविण्यासाठी. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याला इतर प्राण्यांवर सत्ता दिल्याचे आपण वाचतो. परंतु त्याच पुस्तकात एदेन बागेची मशागत व राखण करण्याची आज्ञाही आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमक्या याच दोन वचनांची सांगड घातली आणि प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल असते, हे निक्षून सांगितले.

सोळाव्या शतकाच्या आरंभी गेंडे सिंधू नदीच्या खोऱ्यातही होते. बाबराने पेशावरच्या बाजूस त्यांची शिकार केली. आज ते तेथे उरलेले नाहीत. आसामच्या काझीरंगात मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी अगदी मोजके उरलेले गेंडे २०२२ च्या गणनेत २६१३ भरले. ही वाढ कोणा राजाच्या नजराण्याने झाली नाही. रात्रंदिवस रानात गस्त घालणाऱ्या वनरक्षकांनी ती घडवून आणली. राखण करण्याची आज्ञा त्यांनी पाळली, एवढे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.